कीनीची खुर्ची

२२ ऑगस्ट

आज एकदम दोन ओळखपत्रं मिळाली. एक आपल्या गावच्या कम्युनिटी कॉलेजचं. दुसरं विद्यापीठाचं. ते डोंगरांपलीकडे चार तासांवर आहे आणि मी जन्मात कधी पाहिलेलं नाही.

"दोन्हीकडे एकाच वेळी नाव लागतं," आमचे सल्लागार बर्डेट सर म्हणाले. "तुम्ही इथंच बसायचं. काही तास इथले मास्तर घेतील, काही विद्यापीठातले पडद्यावरून. पदवी मात्र विद्यापीठाची. तुमची पूर्वीची कॉलेजची दोन वर्षं धरलीत, म्हणजे उरली दोनच."

"तीच? निळ्या मोहरेची?"

"तीच. तुम्ही डोंगर ओलांडलाच नाही, असं कागदावर कुठंही लिहीत नाहीत."

ते हसले. मी हसले नाही. ती निळी मोहर मी पाहिलेली आहे. जिल्ह्याच्या बालसंरक्षण कचेरीत, मर्लीन कीनीच्या खुर्चीमागं, भिंतीवर, तिच्या पदवीच्या चौकटीत. माझा क्लेटन तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला शाळेतूनच परस्पर घेऊन गेले आणि मला फोन करून कचेरीत बोलावलं. कीनी म्हणत होती, "ट्रेसा, हे कायमचं नाही." मी तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर टेबलावरचं काहीतरी उचलून हाणलं असतं. म्हणून त्या मोहरेकडे बघत बसले.

दीड वर्ष पोरगा दुसऱ्या जिल्ह्यात पेट्री नावाच्या लोकांकडे होता. परत आला तेव्हा पुढचे दात पडून नवे आलेले होते. माझ्या पोराचे दुधाचे दात कुठल्या तरी परक्या बाईच्या हातात पडले.

कीनी दोनेक वर्षांत निवृत्त होणार, हे गावाला माहीत आहे. तिच्या खुर्चीला समाजकार्याची पदवी लागते. ती मी घेणार. खुर्चीत बसल्यावर पहिलं काम, माझं प्रकरण बाहेर काढायचं आणि माझ्याविरुद्ध खोटं कुणी सांगितलं ते बघायचं. मग दोघांचाही हिशेब.

विद्यापीठाच्या डॉ. लिव्हसींना दर आठवड्याला 'मनातले विचार' लिहून हवे आहेत. ते त्यांना गोड गोड लिहून देईन. हे इथलं माझं.

२६ ऑगस्ट

आज थोरल्या बहिणीला, ड्रेमाला, खरं कारण सांगितलं. क्लेटन परत मिळाल्यापासून आम्ही मायलेक तिच्याच घरात राहतो. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, स्वतःला मूलबाळ नाही. कॉलेजात जा म्हणून तिनंच माझ्या मागं भुणभुण लावली होती.

"पण समाजकार्य कशाला? तुला तर माणसं बघून मळमळतं."

"सगळी नाही. एकच बाई बघून मळमळतं. तिला बाहेर काढायचंय. आणि तिच्या कानाला जो कुणी लागला होता, त्यालाही."

ड्रेमा उठली आणि भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती. माझ्यासाठी तिचा जीव फार तुटतो. तो विषय निघाला की तिला बसवत नाही.

४ ऑक्टोबर

आज पडद्यावर डॉ. लिव्हसींनी मुलांच्या छळाची तक्रार कशी येते ते शिकवलं. तक्रार करणाऱ्याचं नाव कधीच, कुणालाही सांगत नाहीत. न्यायाधीशानं हुकूम काढला तरच.

मी हात वर केला. "खोटी तक्रार असली तरी?"

"शंभरातल्या बहुतेक खोट्या नसतात, मिस मलिन्स. आणि फोन करणारं माणूस पुष्कळदा घरचंच असतं. हात थरथरत असतात त्याचे."

विद्यापीठात बसून बोलायला काय जातं! आमच्या खोऱ्यात रक्ताचं माणूस असं करत नाही. आमच्या बाबतीत तो जुन्या घराशेजारचा ओर्विल होता, मला पहिल्यापासून ठाऊक आहे. त्या हिवाळ्यात तो सारखा खिडकीतून बघत असायचा.

जेवताना हे सगळं ड्रेमाला सांगितलं. चुलीवरच्या बीन्स करपल्या तरी तिच्या लक्षात आलं नाही. क्लेटन म्हणाला, "मावशी, धूर!" मग आम्ही मक्याचा पाव आणि लोणी खाल्लं.

"ओर्विल असेल असं मला नाही वाटत," ती नंतर म्हणाली.

"तुला सगळेच संत वाटतात."

१९ नोव्हेंबर

आमचं जुनं घर कॉलेजजवळच. तिथं, ओर्विलचा ट्रक वळवता येणार नाही अशा बेतानं मी रोज गाडी लावते. आज तो म्हाताऱ्या हातांनी टोपी काढून म्हणाला, "ट्रेसाबाई, जरा पुढं घ्याल का?"

"नाही घेणार."

त्याला घासत घासत मागं मागं जात मोठ्या रस्त्याला लागावं लागलं. दिवस बरा गेला.

१० फेब्रुवारी

संख्याशास्त्रात नापास. विद्यापीठाचा मास्तर पडद्यावर भराभर खडू चालवतो, आमच्या वर्गातला आवाज मध्येच तुटतो, आणि मी शाळा सोडून वीस वर्षं झाली. गाडीत बसून रडले. सोडून देणार होते. मग कीनीची ती चौकट आठवली. तिलाही हा विषय पास व्हावा लागला असेल. म्हणजे ती बाई माझ्याहून हुशार ठरणार? शक्य नाही. पुन्हा बसणार.

क्लेटननं अपूर्णांक समजावले. त्याला येतात. विचारलं, कुणी शिकवले? "मिसेस पेट्रीनं. तिच्याकडे गोळ्यांचा डबा होता, गोळ्या वाटून वाटून शिकवायची." आणि हसला. मी पुस्तक मिटलं. माझ्यासमोर त्या लोकांची नावं घेऊ नकोस, म्हणून बजावलं आहे त्याला. पोराच्या लक्षात राहत नाही.

१२ मे

संख्याशास्त्रात पास! आणि लिव्हसीबाईंनी माझ्या निबंधावर लिहिलंय, 'हे छापायच्या लायकीचं आहे.' विद्यापीठाचं ग्रंथालय घरबसल्या उघडता येतं हे मला वर्षभर कळलंच नव्हतं. आता कळल्यापासून वाचतेच आहे. परवा कालवणाची कढई चढवायचं विसरले. कीनी आठवलीच नाही त्या दिवशी. असं होऊ देता कामा नये.

२९ ऑगस्ट

फील्डवर्क वाटप. बर्डेट सर म्हणाले, "आपल्या जिल्ह्याची कचेरी तुम्हाला अवघड जाईल. काही वर्षांपूर्वी तुमचं… तर शेजारच्या जिल्ह्यात पाठवू?"

"इथंच."

"मिस कीनींना विचारावं लागेल."

"विचारा."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. माझं पूर्ण नाव सांगितलं. पलीकडून काय आलं कोण जाणे. सर म्हणाले, "चालेल म्हणतात."

५ सप्टेंबर

तिनं मला ओळखलं नाही!

पाच वर्षं मी या बाईला मनात रोज फाडून खाल्लं. आणि ती चष्मा वर करून म्हणते, "ट्रेसा ना? ये. कॉफी तिकडं. आज हॉलर क्रीकला जायचंय, बूट चिखलातले घाल."

बस, एवढंच. नवी पोरगी कुणी आली असावी तसं. घरी येऊन मी ड्रेमाला सांगितलं, "तिच्या लेखी मी कुणीच नव्हते. रोजचाच एक कागद."

ड्रेमा म्हणाली, "बोलली काय अजून?"

"घरी कोण कोण आहे विचारलं. म्हटलं मुलगा आहे, बहीण आहे."

"मग?"

"मग काय? म्हणाली, बहीण आहे हे बरं."

ड्रेमाला अचानक कपडे वाळत घालायचे आठवले.

१७ नोव्हेंबर

कीनीच्या गाडीत मागं मुलांचे मोजे असतात, सगळ्या मापांचे. आणि खायच्या पुड्या. पोरं दिसली की देते. मला नाटक वाटतं. पण कुणी बघणारं नसतानाही करते.

आज एका घरी गेलो. आई माझ्याच वयाची. घर आवरलेलं, अगदी चकाचक. म्हणाली, "पाठीसाठी डॉक्टरांनी दिल्यात गोळ्या. झोप लागते जरा." कीनी शांतपणे मान हलवत होती. पण मला दारातच कळलं होतं की बाई खोटं बोलतेय. ती नजर न चुकवता बघत होती, जरा जास्तच. आणि घर कुणीतरी येणार म्हणून आवरलेलं होतं, राहायचं म्हणून नाही.

गाडीत कीनीनं विचारलं, "तुला कसं कळलं?"

"कळतं."

तिनं पुढं विचारलं नाही. तसं विचारायला हवं होतं. माझ्याही गोळ्या डॉक्टरांच्याच होत्या, पण माझं वेगळं होतं. माझी पाठ खरंच गेली होती.

६ एप्रिल

कीनी या महिन्याअखेर निवृत्त होतेय. निरोप अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, रानकांद्याच्या जेवणाच्या दिवशी. दरवर्षीसारखं सगळं गाव येणार आणि दोन दिवस सगळ्यांच्या तोंडाला वास मारणार. आणि कीनीनं स्वतः सांगितलंय, विद्यार्थ्यांच्या वतीनं ट्रेसा बोलेल.

देवानं माझ्या हातात आणून ठेवलं! खुर्ची मिळेल तेव्हा मिळेल. हे आधी.

काय बोलायचं ते रोज गाडीत मोठ्यानं म्हणून बघते. आवाज चढवायचा नाही. सावकाश. सगळ्यांच्या घशात घास अडकला पाहिजे.

ड्रेमा म्हणाली, "आभार मान आणि बस खाली, ट्रेसा. तुझ्या पाया पडते."

"तू माझी बहीण की तिची?"

२१ एप्रिल

लिहिते.

हॉल भरलेला. बटाटे, डुकराचं मांस, रानकांद्याचा वास डोळ्यांत जाईल इतका. ड्रेमा वाढायला उभी होती, शाळेचा पांढरा अ‍ॅप्रन बांधून. ओर्विलसुद्धा कोपऱ्यात. माझं नाव पुकारलं.

मी म्हटलं, "मिस कीनींनी मला खूप शिकवलं. पण आमची ओळख फील्डवर्कपासूनची नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना या बाईंनी त्याला माझ्यापासून तोडलं. दीड वर्ष. कुणाच्या तरी खोट्या फोनवरून. आणि मागच्या सप्टेंबरात यांनी मला ओळखलंसुद्धा नाही."

हॉलमध्ये काट्या-चमच्यांचा आवाज बंद पडला. मला हवं होतं तसंच.

कीनी बसल्या जागेवरून म्हणाली, "मी तुला ओळखलं होतं, ट्रेसा. बर्डेटनी फोनवर नाव घेतलं तेव्हाच. तूच बोलशील म्हणून थांबले होते."

हे माझ्या बोलण्यात बसवलेलं नव्हतं. मी ओरडले. आवाज चढवणार नव्हते ना मी! "मग आता सांगा. सगळ्यांसमोर. कोण होता तो खोटारडा? नाव सांगा!"

"ते मी सांगणार नाही."

"कारण तुम्हाला लाज वाटते!"

"कारण तूही कुणाला कधी सांगणार नाहीस. इतकं तरी मी तुला शिकवलं असेल. निर्णय माझा होता. रागवायचं तर माझ्यावर रागव."

मी ओर्विलकडे बोट केलं. म्हातारा घाबरून उभाच राहिला. आणि मागून ड्रेमाचा आवाज आला.

"ट्रेसा, पुरे. ओर्विल नव्हता. फोन मी केला होता."

तिच्या हातात वाढायचा डाव तसाच होता. त्यातून थेंब गळत होते. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. मी सूड घ्यायला माणसं जमवली होती, आणि ती सगळी माझ्या बहिणीकडे बघत होती.

मी बाहेर पडले. गाडी सुरू केली. क्लेटन बसला नाही.

२३ एप्रिल

धुलाईघराच्या वरची खोली घेतली. ड्रेमाशी बोललेले नाही, बोलणार नाही. पाच वर्षं एका टेबलावर जेवलो. पाच वर्षं मी त्या फोन करणाऱ्याला शिव्या घालत होते, ती ऐकत राहिली आणि वर बिस्किटं भाजून देत राहिली. कीनी परकी होती, तिनं तिचं काम केलं. ही माझ्या आईच्या पोटची. हिचं काय करू ते अजून ठरलेलं नाही. पण असं काही करीन की तिला जन्मभर घास गोड लागणार नाही.

२८ एप्रिल

क्लेटनला घ्यायला गेले. तो पायरीवर बसून होता. चौदावं लागेल त्याला, पाय किती लांब झालेत.

"चल. सामान भर."

"नाही येत."

"त्या बाईनं तुला घरातून काढून दिलं, क्लेटन. फोन करून."

"मीच सांगितलं होतं तिला."

"काय?"

"तू उठत नव्हतीस. रविवार होता. मी हाका मारल्या, पाणी टाकलं तोंडावर. मग मी रुळांवरून चालत मावशीकडे आलो. बूट सापडले नाहीत म्हणून मोजे घालून." तो माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या काडीची साल सोलत होता. "मावशी आली, तू उठलीस, तिला म्हणालीस काही नाही झालं. त्याच्या आधीही दोनदा झालं होतं. मावशीला माहीत नव्हतं, मला होतं."

मी म्हटलं, "माझी पाठ दुखायची."

"माहितीय गं."

त्यानंतर काय बोलले आठवत नाही. परत आले. जानेवारीचा महिना होता तो. रुळांवर बर्फ असतो जानेवारीत.

२९ एप्रिल

आज एवढंच केलं. ओर्विलकडे जाऊन गाडीबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "खिडकीतून मी पोरगं बघायचो, ट्रेसाबाई. ते एकटंच असायचं अंगणात. फोन करायला हवा होता मी. धीर झाला नाही."

म्हणजे त्यानं केला नाही, याची त्याला लाज वाटते.

१३ मे

पदवी. कॉलेजच्या व्यायामशाळेत समारंभ झाला. विद्यापीठातून तीन जण डोंगर ओलांडून आले होते, निळे झगे घालून. लिव्हसीबाई पडद्याबाहेर एवढ्याशा दिसतात! मिस कीनी दुसऱ्या रांगेत होत्या. मला वाटलं नव्हतं त्या येतील. हात पुढं केला त्यांनी. मी धरला.

क्लेटननं शिट्टी मारली. ड्रेमाला मी बोलावलं नव्हतं. ती आली नाही. मी दाराकडे बघत होते, ती येतेय का म्हणून नाही, आलीच तर हाकलायचं म्हणून. मग समारंभ संपला आणि खुर्च्या आवरेपर्यंत मी तिथंच होते.

कागदावर निळी मोहर आहे. बसच्या तिकिटावर असते तेवढीच.

१८ जून

कचेरीत नोकरी लागली. कीनींच्या जागेवर शेजारच्या जिल्ह्यातला माणूस आला. मी दाराजवळ, तक्रारींचे फोन घ्यायला. मला वाटलं होतं वाईट वाटेल. माझं प्रकरण कपाटात आहे. कर्मचाऱ्यानं स्वतःचं प्रकरण उघडायचं नाही असा नियम आहे. उघडून काय वाचायचंय? रविवार, मोजे, रूळ.

९ जुलै

दुपारी फोन वाजला. बाई. श्वास लागलेला.

"माझ्या बहिणीबद्दल आहे," म्हणाली. आणि मग काहीच नाही. मला वाटलं ठेवला.

"मी ऐकतेय," मी म्हटलं.

"तिची मुलगी चार वर्षांची आहे. मी… नको, राहू द्या. ती वाईट नाही हो. तसं लिहू नका."

"लिहीत नाही. मुलगी आता कुठं आहे?"

तिनं सगळं सांगितलं. मी पत्ता घेतला, वय घेतलं, घरात कोण असतं ते घेतलं. माझा आवाज शांत होता. शेवटी तिनं विचारलं, "तिला कळेल का मीच म्हणून?"

"आमच्याकडून कधीच नाही."

"आणि माझ्याकडून कळलं तर?"

याचं उत्तर दोन्ही ठिकाणच्या कुठल्याही वर्गात शिकवलं नाही. मी म्हटलं, "तर ती तुम्हाला सोडणार नाही. पण मुलगी जिवंत असेल."

ती रडायला लागली. मी फोन ठेवला नाही. तिचं रडणं थांबेपर्यंत धरून बसले.

सुटल्यावर गाडी आपोआप खोऱ्याकडे वळली. ड्रेमा ओसरीवर शेंगा सोलत होती. मला बघून उठायला लागली, मी हातानं बस म्हटलं आणि पायरीवर बसले.

"मी तुला माफ केलेलं नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मला तुझं वाटोळं करायचं होतं. अजून थोडंसं करायचंय."

"कर."

क्लेटन आत होता, रेडिओ ऐकू येत होता. मी टोपलीतल्या मूठभर शेंगा ओढून घेतल्या, हाताला काहीतरी हवं म्हणून.

"फोन कुठून केलास?"

तिनं टोपली जवळ ओढली. मग म्हणाली, "शाळेतून. कोठारातून. सोमवारी सकाळी. पिठाच्या पोत्यांवर बसून. तीनदा ठेवला, चौथ्यांदा बोलले."

"आणि मग?"

"मग काय? जेवणाची सुट्टी झाली. पोरं रांगेत आली." तिनं शेंग मोडली. "तोही आला, ताट घेऊन. दुपारी त्याला न्यायला येणार, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी त्याला दोनदा वाढलं, ट्रेसा. दोनदा वाढायचा नियम नाही. तो म्हणाला, मावशी, एवढं कसं संपेल? मी म्हटलं, बस तू. सावकाश खा."